मुगाच्या जागी उडीद

दुकानात येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा काहीतरी फुटलेलं असतं. फाटलेली होज, दात झडलेला गिअर, चुरगळलेलं सील. तो ते काउंटरवर ठेवतो, खालच्या वर्तमानपत्रावर तेलाचा डाग पसरत जातो, आणि तो म्हणतो, "भैया, ऐसा ही चाहिए." भोपाळच्या गोविंदपुरा इंडस्ट्रियल एरियात एकतीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. कधी कधी त्याला मराठीत विचारावंसं वाटतं, बाबा रे, हाच हवाय की असाच? हाच मिळणार नाही, हा तर तू फोडलास. असाच हवा असेल, तर कशात असाच?

विचारत नाही अर्थात. बाबांचा व्हर्नियर काढतो आणि मोजायला लागतो.

बाबा हेवी इलेक्ट्रिकल्सच्या टूलरूममध्ये होते. 1963 साली वर्ध्याहून आले, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहिले, तिथूनच रिटायर झाले. हा कारखाना ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या मदतीने उभा राहिला, त्यामुळे बाबांची पिढी इंचात विचार करायची आणि मिलिमीटरमध्ये पगार घ्यायची, असं आई चेष्टेनं म्हणे. व्हर्नियरवर एका कडेला इंच आहेत, दुसऱ्या कडेला मिलिमीटर. माझ्या धंद्यातली निम्मी भांडणं या दोन कडांमधली आहेत. उरलेली आट्यांची. अर्ध्या इंचाचा, म्हणजे आमच्या भाषेत चार सूतचा, ब्रिटिश पद्धतीचा बीएसपी नट घ्या आणि चार सूतचाच अमेरिकी पद्धतीचा एनपीटी निपल घ्या. दोन्हीत इंचाला चौदा आटे. हातानं फिरवा, दोन-तीन वेढे इतके सुरेख बसतात की नवा पोरगा लगेच पान्हा उचलतो. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंशांचा, दुसऱ्याचा 60 चा. पान्ह्यानं आवळलं की आवळलं जातं, आणि तेलाचा दाब चढला की थेंब थेंब गळायला लागतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून लोक दोन दिवस काढतात.

गेल्या वैशाखात एक बॉबकॅट आली. स्किड स्टीअर लोडर म्हटलं तर भोपाळात कुणाला कळायचं नाही. कुठल्याही कंपनीची असो, ती बॉबकॅट, जसा खोदणारा प्रत्येक जण जेसीबी. छोटं, ठेंगणं मशीन. चाकं वळत नाहीत. एका बाजूची दोन चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, आणि गाडी जागच्या जागी घसटत गोल फिरते. म्हणून गल्लीबोळात चालते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी लुई आणि सिरिल केलर या दोन भावांनी 1957 साली तिचा पहिला अवतार बनवला, तो एका टर्की पाळणाऱ्याचा गोठा साफ करायला. गोठ्यात खांब होते, त्यांच्यामधून वळणारं काहीतरी हवं होतं. तीच कल्पना आज जुन्या भोपाळच्या नाल्यांमधला गाळ काढते. टर्कीच्या घाणीपासून सुरुवात झाली होती, त्या मानानं प्रगती नाही झाली असं कुणी म्हणेल. मला तरी कामाचा वंश शुद्ध वाटतो.

ठेकेदाराचं म्हणणं, गाडी चालते पण हात उचलत नाही. हे ऐकूनच निम्मं निदान होतं. या मशीनमध्ये चाकं फिरवणारे पंप वेगळे आणि बकेटचे हात उचलणारा गिअर पंप वेगळा. गिअर पंप खलास. कंपनीच्या डीलरला फोन केला तर मॉडेलची पाटी विचारतात, आणि पाटी कधीच झिजून गेली होती. अंदाजानं सांगितलं तर सहा आठवडे. ठेकेदार हात जोडून उभा. जूनच्या मध्यावर भोपाळात पाऊस येतो, त्याआधी नाले साफ झाले नाहीत तर लोकांच्या घरात पाणी. "कुछ भी करो, खां."

इथे एखादा शिकलेला माणूस मला थांबवून तो जुना प्रश्न विचारतो. सगळे भाग बदलले तर मशीन तेच राहतं का? माझा भाचा, दिल्लीला शिकतो, तो हमखास विचारतो. त्याला ग्रीकांचं जहाज आठवतं. मी म्हणतो, इतक्या लांब कशाला जातोस, आपल्याकडे नागसेन भिक्षूनं मिलिंद राजाला रथ दाखवून विचारलंच होतं की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का. आणि इथून तासाभरावर सांची आहे. अशोकाचा विटांचा स्तूप नंतरच्यांनी दगडात मढवून मोठा केला. आज जो दिसतो तो अशोकाचा म्हणावा का? म्हणतात सगळे, आणि कुणाचं काही अडत नाही. प्रश्न चांगला आहे, पण निवांत माणसाचा आहे. एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला विचारलेलं नाही की पंप बदलल्यावर ही माझीच गाडी का. त्याला दुसरंच कळायला हवं असतं. कशाच्या जागी काय चालेल, आणि नाही चाललं तर कुणाला धरायचं.

उस्तादला बरोबर घेऊन कबाडखान्यात गेलो. उस्ताद सत्तरीचे, पंप-मोटर खोलण्यात भोपाळात त्यांच्यासारखे थोडेच. कबाडखान्याच्या गल्ल्यांमध्ये मेलेल्या मशीनचे अवयव प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पडलेले असतात, वर तेलकट धूळ. उस्ताद हातात जुना पंप धरून चालत होते. फ्लँजची दोन भोकं, शाफ्टच्या स्प्लाइनला नऊ दात, दोन्ही तोंडांची मापं. चौथ्या दुकानात तसाच सापडला. मी व्हर्नियर लावला. सगळं जुळलं, अगदी बॉडीची लांबीसुद्धा. साडेसहा हजारांत सौदा, दुसऱ्या दिवशी सील बदलून बसवला.

हात उचलले. पण कसे, झोपेतून उठवल्यासारखे. वजन उचलत होतं, दाब बरोबर होता, फक्त वेळ लागत होता. ड्रायव्हर म्हणाला, "ये तो शुरू से ऐसी ही है, दो साल से चला रिया हूं." ठेकेदार खूश. मीही पैसे घेतले. तरी घरी जाताना डोक्यात काहीतरी खटकत राहिलं.

त्याच आठवड्यात दुकानाची वार्षिक सत्यनारायणाची पूजा होती. आमचे गुरुजी तरुणपणी वाईला काही वर्षं शिकलेले, आता कोलार रोडला मुलाकडे राहतात. वाईची प्राज्ञपाठशाळा, तिथं केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश रचला, हे ते दर भेटीत एकदा सांगतातच, आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतो. पूजा सुरू झाली. गणपती म्हणून सुपारी. वस्त्र नव्हतं, गुरुजी म्हणाले अक्षता वाहा. अलंकार? अक्षता. छत्र, चामर? अक्षता. क्रिंपिंग मशीनच्या बाजूला पाटावर बसून मला एकदम हसू आलं.

प्रसादाचा शिरा खाताना मी विचारलं, "गुरुजी, देवाला इतका डुप्लिकेट माल चालतो, मग मशीनला का चालू नये?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "डुप्लिकेट नका म्हणू. प्रतिनिधी म्हणा. यावर मीमांसासूत्रांत जैमिनीनं अख्खा पाद घातलाय. सहाव्या अध्यायातला तिसरा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला वाटलं, हा माणूस कधीतरी स्पेअर पार्टच्या दुकानात बसला असणार. यज्ञात साळीच्या तांदळाचा पुरोडाश, म्हणजे आहुतीची भाकरी, सांगितलाय आणि साळ मिळाली नाही. यज्ञ सोडायचा? मीमांसक म्हणतात, आधी बघा, कर्म कुठलं आहे. नित्य असेल, म्हणजे करायलाच हवं असं, तर हाताशी आहे त्यात भागवा आणि करा. पण काम्य असेल, स्वतःच्या काही इच्छेसाठी हौसेनं मांडलेलं, तर सगळं साहित्य जमल्याशिवाय सुरूच करू नका. सुरू केल्यावर मध्येच काही संपलं, तर तिथं मात्र प्रतिनिधी चालेल. मी मनात म्हटलं, पावसाआधीचा नाला हे नित्यकर्म. बिल्डरचा प्लॉट सपाट करणं हे काम्य. आम्ही धंद्यात हे कधीच वेगळं करत नाही. आमच्याकडे प्रत्येक जण 'अर्जंट' म्हणतो.

साळीच्या जागी मग काय? आपोआप उगवणारा रानातला नीवार. का, तर तो सारखा आहे. पण सारखा म्हणजे काय, यावर भाष्यकार शबरस्वामी जे म्हणतात ते मला फार आवडलं. नीवार घेतो तो नीवार म्हणून नाही. साळीचे जे अवयव, जे अंश पुरोडाशाच्या कामाचे, त्यातले काही नीवारात आहेत. नीवारात जेवढी साळ आहे तेवढी घेण्यासाठी आपण नीवार घेतो. म्हणून मंत्रात नाव साळीचंच राहतं, ते बदलायचं नाही. मी तीस वर्षं व्हर्नियर लावून हेच शोधत होतो की, समोरच्या लोखंडात मूळ पार्ट किती आहे!

"आणि तो प्रतिनिधीही मध्येच संपला तर?" मी असंच विचारलं, बोलणं चालू ठेवायला.

गुरुजींनी वाटी खाली ठेवली. "तर दुसरा शोधताना नीवारासारखं काय मिळतं ते बघायचं नाही. साळीसारखं काय मिळतं ते बघायचं. मूळ सुटता कामा नये."

मी शिऱ्याची वाटी तशीच ठेवून उठलो. बायको म्हणाली, "अहो, आरती व्हायचीय." मला त्या पंपाची सक्शनची नळी दिसत होती. टाकीतून येणारी नळी सव्वा इंची, पंपाचं तोंड एक इंची, मध्ये पितळेचं एक बुश. बसवताना माझ्याच हातांनी ते बुश साफ करून परत लावलं होतं. कंपनी असं बुश कशाला लावेल? कंपनीच्या पंपाचं तोंडच सव्वा इंची असणार. म्हणजे जो पंप मी नमुना म्हणून कबाडखान्यात फिरवला, तोच मुळात कुणाचा तरी नीवार होता. मी नीवारासारखा नीवार शोधून आणला, आणि व्हर्नियरवर अभिमानाने मापं जुळवली.

मूळ मग कुठे होतं? पाटी गेलेली, मॅन्युअल नाही. उस्तादांना घेऊन दुसऱ्या दिवशी गाडीपाशी गेलो. मूळ सिलिंडरांत होतं. ते कुणी बदलले नव्हते. दोन लिफ्ट सिलिंडर, आतला व्यास अडीच इंच, दांडा पुरा बाहेर येतो तेव्हा सुमारे सातशे मिलिमीटरचा पल्ला. गुणाकार केला तर दोन्ही भरायला साधारण साडेचार लिटर तेल लागतं. बसवलेला पंप फेऱ्याला 16 सीसीचा. इंजिन 2,500 वर फिरलं तर मिनिटाला 40 लिटर. म्हणजे हात वर जायला जवळजवळ सात सेकंद. या आकाराच्या गाड्यांचे हात चार-साडेचार सेकंदांत वर जातात. उलटा हिशोब केला आणि उत्तर आलं 25 सीसी. गिअर पंपांच्या एका घराण्यात फ्लँज तोच, स्प्लाइनचे दात तेच, शाफ्ट तोच असतो. फक्त पोट जाड होतं, आतल्या दातांची रुंदी वाढते, आणि मोठ्या पंपांना सक्शनचं तोंडही मोठं ठेवतात. कुणा आधीच्या मालकाला 25 चा मिळाला नसेल, 16 चा मिळाला, बुश घातलं, नाला साफ केला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मूळ होतं आणि त्यानं जाणूनबुजून कमी घेतलं. चुकलं माझं. मला कमी आहे हेच माहीत नव्हतं.

25 चा पंप दोन दिवसांनी मिळाला, आणि तोही आम्ही जवळजवळ घेऊन टाकला होता. उस्तादांनी शाफ्टचं टोक स्वतःच्या तोंडाकडे केलं, बोटानं एक फेरा दिला आणि परत क्रेटमध्ये ठेवला. "उल्टा है, खां." पंपाची फिरण्याची दिशा शाफ्टच्या बाजूने बघून सांगायची असते. मागून बघितलं तर उजवा तो डावा दिसतो. उलट्या दिशेचा पंप बसवला तर दाबाचं तेल शाफ्टच्या सीलकडे जातं आणि चालू करताच सील उडतं. जैन मित्र म्हणतील, कुठल्या नयानं, म्हणजे कुठल्या बाजूनं बघून, बोलतोस ते आधी सांग. उस्तादांनी जैन दर्शन वाचलेलं नाही, पण पंप हातात घेतला की आधी तोंड कुठे करायचं हे ते कधी विसरत नाहीत. शेवटी तिसऱ्या ठिकाणी सुलट्या दिशेचा मिळाला. 16 चा मी परत घेतला, ठेकेदाराला त्याचे पैसे दिले. त्याला कळेना की चालत्या गाडीचा पंप मी का बदलतोय. बदलल्यावर ड्रायव्हरनं लिव्हर ओढली आणि दचकून सोडून दिली. हात एवढ्या झटक्यात वर जातील असं त्याला वाटलंच नव्हतं.

गुरुजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, एकदा भोजपूरला न्या. मी घेऊन गेलो. भोपाळपासून अठ्ठावीस किलोमीटर, बेतवाकाठी. अकराव्या शतकातलं राजा भोजाचं शिवमंदिर, अर्धवट राहिलेलं. आतली पिंडी एवढी मोठी की माणूस तिच्यापुढे पोरासारखा दिसतो. पण माझ्यासारख्याची नजर मंदिराच्या बाहेर जाते. आजूबाजूच्या खडकावर कारागिरांनी मंदिराचे नकाशे कोरून ठेवलेत, खांब, शिखरं, मंडप. आणि दगडादगडावर पाथरवटांच्या खुणा. हजार वर्षांपूर्वीचा पार्ट कॅटलॉग, उघड्यावर पडलेला. 2006 च्या सुमारास पुरातत्त्व विभागानं के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली इथे दुरुस्ती केली तेव्हा एक खांब नव्यानं उभा करायचा होता. मूळच्याशी जुळणाऱ्या दगडासाठी देशभर शोध झाला. तो मिळाला आग्र्याजवळ. एका दगडातून घडवलेला बारा टनांचा खांब. पुरेसा लांब हात असलेली क्रेन मिळेना, म्हणून कप्प्या आणि तरफा लावून चढवला. छतातून पाणी येत होतं तिथं मात्र त्यांनी दगड शोधत बसण्याऐवजी फायबरग्लास बसवलं.

गुरुजी बराच वेळ वर बघत राहिले. मला वाटलं फायबरग्लासवर काही बोलतील. ते म्हणाले, "खांबाला भार घ्यायचाय, म्हणून तिथं दगडच हवा. वर नुसतं पाणी अडवायचंय. बरोबर केलंय त्यांनी." मग थोडं थांबून, "पण सारखं आहे म्हणून काहीही चालतं असं नाही हं. मुगाचा चरू सांगितलाय आणि मूग नाहीत. सगळ्यात सारखा काय? उडीद. आणि उडीद चालत नाही. श्रुतीनं उडीद, वरक, कोद्रव यज्ञाला अयोग्य म्हटलेत. सारखेपणा कितीही असला तरी निषिद्ध ते निषिद्ध."

कोद्रव म्हणजे कोदो, आमच्या मंडला-डिंडोरीकडे गोंड लोक पिकवतात, पचायला हलकं आणि हल्ली शहरात महाग. त्याला यज्ञात बंदी का, हे मला पटलेलं नाही, आणि गुरुजींनाही नीट सांगता आलं नाही. पण उडदाचं ऐकल्यावर मी पुढचं काही बोललो नाही. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना माझ्या डोळ्यांपुढे 2011 चा जुलै होता.

होजमध्ये रबराच्या आत तारेची जाळी असते. एक तारेची आणि दोन तारेची. चार सूतच्या होजचं आतलं भोक दोन्हीत तेच, फिटिंगचे आटेही तेच. बाहेरून जाडीत फरक दीड-एक मिलिमीटरचा, तोही व्हर्नियर लावला तर. एक तारेची 160 बार दाबाला बनलेली, दोन तारेची 275 ला. लोडरच्या हातात तेल दोनशे बारच्या आसपास असतं. त्या संध्याकाळी पावसात एक माणूस आला, लोडरची होज फुटलेली, काम अडलेलं. चार सूतची दोन तारेची माझ्याकडे संपली होती. मी त्याला सकाळी या म्हणू शकलो असतो. शेजारी चौकशी करू शकलो असतो. मी एक तारेची कापली, फिटिंग क्रिंप केली आणि दिली. सांगितलंसुद्धा नाही. मनात हिशोब होता की होज फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या चौपट धरतात, दोन-चार दिवस सहज निघतील. तोवर नवा माल येईल.

तिसऱ्या दिवशी कॅबिनजवळच फुटली. ड्रायव्हरच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत गरम तेल.

मी माझ्या पोऱ्याला पाठवलं. फळं, बिस्किटाचे पुडे, पाकिटात पाच हजार रुपये. त्याला सांगितलं, म्हण, सेठ दुकान सोडू शकत नाहीत. दुकान सोडता येत नव्हतं असं काही नव्हतं. त्या दिवशी दुपारी एक ते तीन मी काउंटरवर बसून जुनी बिलं लावत होतो. पोऱ्या परत आला, म्हणाला, बरा आहे, चहा दिला त्यांनी. मला हायसं वाटलं. पुढे कुणी काही विचारलं नाही. त्या मालकानं माझ्याकडून माल घेणं थांबवलं, एवढंच.

मिसरोद ओलांडल्यावर मी गुरुजींना विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "द्रव्याला प्रतिनिधी चालतो. आणखी कशाला चालतो?"

"द्रव्यालाच. देवतेला नाही. इंद्राला द्यायचं ते अग्नीला देऊन चालत नाही. अग्नीला नाही, मंत्राला नाही, क्रियेला नाही. आणि यजमानाला नाही."

"पण सगळं तर ऋत्विजच करतात की. यजमान नुसता बसलेला असतो."

"ऋत्विज दक्षिणा घेऊन आलेली माणसं. ते हात यजमानाचेच. पण 'हे आता माझं नाही' असं म्हणून सोडायचं कुणी? ज्याचं आहे त्यानंच. ते दुसऱ्यानं म्हणून कसं चालेल?" मग त्यांना मजा वाटली आणि म्हणाले, "एक अपवाद आहे. सत्र. सतरा-चोवीस यजमान मिळून करतात, त्यातला एखादा गेला तर बाहेरचा माणूस आणून बसवतात. संख्या भरायला हवी ना. पण तो यजमान होत नाही. त्याला फळ नाही. तो नुसता मोजणीत."

मी गाडी चालवत राहिलो. फळं घेऊन गेलेला माझा पोऱ्या आठवला. आता तो इंदूरला स्वतःचं दुकान काढून बसलाय. फळं घेऊन गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. जळालेल्या हाताकडे बघत तो काय बोलला असेल, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. फक्त 'काय म्हणाले' एवढंच विचारलं होतं.

तो ड्रायव्हर आता दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. वर्षातून दोन-तीनदा माझ्याच दुकानात येतो, कारण या बाजूला क्रिंपिंग करणारे मोजकेच. हातावरचा डाग फिकट झालाय, तिथं केस उगवत नाहीत. आम्ही पाऊसपाण्याबद्दल बोलतो. फुटलेला तुकडा तो काउंटरवर ठेवत नाही, हातात धरून उभा राहतो. मी नवी होज कापायला घेतली की थांबवतो, होजवर छापलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवत जातो आणि 'टू-एसएन', म्हणजे दोन तारेची, ही अक्षरं सापडली की थांबतो. मग म्हणतो, "हां. काटो."

भोजपूरहून आल्यावर पहिल्यांदा आला तो श्रावणात. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पोरगं जेवायला गेलं होतं, मीच होज कापली, मीच क्रिंप केली. मशीनचा डाय हळूहळू आवळत होता तेवढा वेळ होता माझ्याकडे. मी म्हटलं, "उस दफे, 2011 में, मेरे पास दो तार की थी नहीं. एक तार की दी थी मैंने. बताया नहीं था."

तो म्हणाला, "मालूम है."

मी बिल केलं. सहाशे चाळीस रुपये. खाली पाचशे लिहायला लागलो तर त्यानं पेनवर हात ठेवला, पाकिटातून सहाशे चाळीस मोजून काढले, दहाच्या चार नोटा एकेक करून, आणि होज खांद्यावर टाकून गेला.